शेपटीवरची अक्षरं

मंडईतून बाहेर पडताना आनंदीबाईंची नजर दादामियाँच्या दुकानातल्या टीव्हीकडे गेली ती केवळ सवयीनं. दादामियाँचं सुतळी, काथ्या आणि दोरखंडाचं दुकान. दर गुरुवारी भाजी घेऊन झाली की आनंदीबाई तिथल्या स्टुलावर जरा टेकत, माठातलं पाणी पीत आणि मग विश्रांतवाडीची बस धरत. विश्रांतवाडीत भाजी मिळत नाही असं नव्हतं. सून म्हणायची, "आई, मटारासाठी अर्धं पुणं ओलांडता." त्यावर त्या म्हणत, "तू पगारासाठी आभाळ ओलांडतेस, मी काही बोलते का?" टीव्हीचा आवाज नेहमीप्रमाणे बंद होता. पडद्यावर एका हेलिकॉप्टरची तुटलेली शेपटी होती. एका कुशीवर कलंडलेलं धड, मुडपलेलं पातं, भोवती पांढरं काहीतरी साचलेलं. आग विझवायला मारतात तो फेस असावा, असं त्यांना वाटलं. खाली लाल पट्टी सरकत होती : धायरीजवळ हेलिकॉप्टर कोसळल्याची भीती. दोन इंजिनांचं, व्हीटी-क्यूआरझेड.

पहिल्यांदा त्यांना भीती वाटली नाही. वाटली ती लाज. ही अक्षरं आपल्याला पाठ आहेत, नुसती पाठ नाहीत तर आपल्या आतल्या कुठल्या तरी फळीवर रोज पुसून ठेवलेली आहेत, हे भर मंडईत उघडं पडल्याची लाज. सून, स्पृहा, सकाळी बूट चढवताना सांगायची, "आज क्यूआरझेड." कंपनीकडे तीन हेलिकॉप्टरं होती आणि आपण कुठलं उडवणार हे ती घरातून निघताना सांगून जायची, जसं कुणी आज डबा नको म्हणून सांगतं. आनंदीबाई ओट्याकडून न वळताच म्हणायच्या, "मला काय करायचंय, मी काही धावपट्टीवर उभी राहणार नाहीये." तीन वर्षं हे असंच चाललं होतं. आणि आता पट्टीवरून ती पाच अक्षरं एकदा सरकून गेली, पुन्हा येईपर्यंत मधे शेअर बाजार आला, कांद्याचे भाव आले, आणि त्या उभ्याच राहिल्या. शेवग्याच्या शेंगा पिशवीतून तिरक्या होऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना टोचत होत्या.

"बाई, बसा की," दादामियाँ म्हणाले. ऐंशीला टेकलेला, हाडं कमी आणि अदब जास्त असलेला माणूस. आनंदीबाईंनी स्टूल ओढलं नाही. पर्समधून फोन काढून स्पृहाचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. लाईन मेलेली आहे की नुसती व्यग्र आहे, हे त्यांना पूर्वी कानाला लावताक्षणी कळायचं. मेलेल्या लाईनीला एक खोली असायची, विहिरीत वाकून पाहिल्यासारखी. ह्या नव्या फोनांना खोलीच नाही. एक तरुण मुलगी गोड आवाजात सांगते की बाई बाहेर आहेत. कुठल्या बाहेर, हे तिला विचारता येत नाही.

"दादामियाँ, आवाज करा जरा."

त्यांनी रिमोट शोधून आवाज वाढवला. निवेदक घाईघाईनं हेलिकॉप्टरची कुंडली वाचत होता. जर्मनीतल्या कारखान्यात बनलेलं. आधी नॉर्वेत हवाई रुग्णवाहिका म्हणून वापरात. तिथे काही वर्षांपूर्वी अपघात. दुरुस्तीनंतर विक्री. भारतात नव्यानं नोंदणी. हे सगळं तो अशा सुरात वाचत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं, एखाद्या सराईत माणसाचे जुने गुन्हे बाहेर येतायत. आनंदीबाईंना त्यातलं एक सोडून सगळं ठाऊक होतं. गेल्या वर्षी एका रविवारी स्पृहा त्यांच्यासमोर बसून वाल सोलत होती तेव्हा बोलता बोलता तिनं हे सांगितलं होतं. केयूरला, म्हणजे आनंदीबाईंच्या मुलाला, जर्मनीत नोकरी लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. दोन वर्षांत येतो म्हणून गेलेला. स्पृहा म्हणाली होती, "गंमत बघा आई. हे तिकडचं इकडे आलं आणि तुमचा मुलगा इकडचा तिकडे गेला. अदलाबदल." मग तिनं सांगितलं होतं, की देश बदलला की हेलिकॉप्टरचं नाव बदलतं. शेपटीवरची जुनी अक्षरं खरवडून काढतात आणि नवी रंगवतात. नॉर्वेत असताना ह्याचं नाव एलएननं सुरू व्हायचं, इथे आल्यावर व्हीटी झालं. कारखान्यात पडलेला नंबर मात्र शेवटपर्यंत तोच. आनंदीबाई वालाची सालं गोळा करत म्हणाल्या होत्या, "आमचं तरी वेगळं काय झालं." त्या जन्मानं मुक्ताई. तांदळात अंगठीनं आनंदी लिहिलं गेलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि नंतर कितीतरी महिने कुणी आनंदी म्हणून हाक मारली की त्या दुसऱ्या कुणी वळेल म्हणून थांबायच्या. स्पृहानं लग्नात नाव बदललं नाही. तेव्हा आनंदीबाईंनी नाक मुरडलं होतं, आणि ते मुरडलेलं नाक पुन्हा सरळ करायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती, किंवा मिळाली असेल तर त्यांनी घेतली नव्हती.

ठाऊक नव्हतं ते एवढंच, की हे आधी एकदा पडलेलं आहे. स्पृहा वालाच्या ढिगासमोर बसून सगळं बोलली होती, आणि नेमकं तेवढं बोलली नव्हती.

पडद्यावर पुन्हा तीच तुटलेली शेपटी आली. आनंदीबाईंना बघायचं नव्हतं. कानानं जगलेली बाई, डोळ्यांवर त्यांचा कधी फार भरवसा नव्हता. पण मान वळेना. शेपटीवर अक्षरं होती, घसटलेली, अर्धी पांढऱ्यात बुडालेली. पहिलं अक्षर एका उभ्या रेघेला खाली एक आडवी. त्या बघत राहिल्या. आडवी रेघ खाली. व्ही नव्हे. एल. आणि पुढे एन. मग त्यांना दिसलं, की तो पांढरा फेस नव्हे. त्यात पावलं उमटलेली आहेत, मागे सुया रोवल्यासारखी काळीशार झाडं आहेत.

"दादामियाँ," त्या म्हणाल्या, "धायरीत बर्फ पडतो का हो?"

दादामियाँनी त्यांच्याकडे आणि मग टीव्हीकडे पाहिलं. माठातून पेला भरून आणला. "पाणी घ्या बाई. आधी पाणी घ्या."

"तो बर्फ आहे. जुना फोटो आहे तो. तिकडचा."

"मग बरंच झालं की."

"माझी सून आहे त्यात," आनंदीबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य बाहेर पडल्यावर त्यांना कळलं, की फोटो जुना असल्यानं काहीच सिद्ध होत नाही. उलट आता डोळ्यांपुढे काही उरलंच नाही. मघाशी निदान एक तुटलेली शेपटी होती, तिच्याकडे बघता येत होतं. आता नुसती पट्टी होती आणि पट्टीवर भीती हा शब्द. तो शब्द लिहिणारा कुणीतरी पोरगेला माणूस कुठल्या तरी थंडगार खोलीत चहा पीत बसला असेल. दादामियाँनी स्टूल त्यांच्या गुडघ्यांना मागून लागेल इतकं जवळ सरकवलं आणि गिऱ्हाईकाला हातानंच थांब म्हणून खुणावलं. आनंदीबाई बसल्या. ज्या मुलीशी आपण इतकी वर्षं बहुतेक फक्त गॅस, दूध, कामवाली आणि पाण्याची वेळ ह्यांवर बोललो, तिचं जेवताना डावा पाय उजव्या पायाखाली दुमडून बसणं त्यांना आठवलं. आंघोळीनंतर ती दाराच्या कडीला ओला टॉवेल अडकवते आणि आपण तो रोज काढून दोरीवर टाकतो, आणि आज सकाळी तो आपण तसाच राहू दिला, कंटाळा आला म्हणून. म्हणजे तो अजून तिथेच ओला असेल. एवढ्यावर त्यांचं मन येऊन अडलं आणि पुढे सरकेना. टॉवेल वाळायच्या आत.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई, मी बोलतेय."

आनंदीबाईंनी डोळे मिटले. आवाज थोडा वरच्या पट्टीत होता, कडेला किंचित चिरलेला, श्वास पुरा आत जात नव्हता, पण आवाजाचा तळ जागेवर होता. अंगाला काही लागलं असलं की तळ हलतो. असे आवाज त्यांनी नोकरीत पुष्कळ जोडून दिले होते. हा तो नव्हता.

"उतरवलं मी. सगळे नीट आहेत. माझा फोन आतच राहिलाय आणि आता कुणाला जवळ जाऊ देत नाहीयेत. हा इथल्या एका दादांचा फोन आहे. टीव्हीवर काहीतरी भलतंच दाखवतायत म्हणे. तुम्ही घरी आहात ना?"

"मंडईत."

"बरं. तुम्ही घरी जा. मला वेळ लागेल."

मागून एक दणकट आवाज आला, "म्हाताऱ्या मावशींना सांगा, ताई बरी हाय. काय बी झालेलं न्हाय." त्यावर स्पृहा हसली. ते हसू फोनमधून कानात आलं आणि आनंदीबाईंच्या पाठीतली, मघापासून कुणीतरी मुठीत धरून ठेवलेली शीर सुटली.

"कुठे आहेस नक्की?"

"धायरीच्या पुढे, गावाच्या वरच्या अंगाला. आई, तुम्ही येऊ नका, उन्हाचं."

"बरं," आनंदीबाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि दादामियाँना म्हणाल्या, "मला धायरीला रिक्षा बघून द्या."

दादामियाँ स्वतः रस्त्यात उतरले. दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्याला त्यांनी असं काही झापलं, की तो मुकाट मीटर टाकून उभा राहिला. भाजीची पिशवी त्यांनी दुकानात ठेवून घेतली. "पुढच्या गुरुवारी न्या," ते म्हणाले आणि लगेच स्वतःलाच हसले. "मटार टिकणार नाहीत हो. आमच्याकडे पुलाव करतील. चालेल ना?"

सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत आनंदीबाईंना रडू येईल असं वाटत होतं, पण आली ती भूक. सरळ, उघडी, पोरासारखी भूक. दांडेकर पुलाजवळच्या वड्यांच्या गाडीवरून तेलाचा वास आला तर पोट गुरगुरलं. सगळं फार स्पष्ट दिसत होतं. पुढच्या स्कूटरवरच्या मुलाच्या शर्टाचं लेबल उलटं बाहेर आलेलं. नव्या उड्डाणपुलाखाली वाळत घातलेल्या गोधड्या. एका दुकानाची पाटी, 'आमची कुठेही शाखा नाही, असावी असंही वाटत नाही'. ती त्यांनी पूर्वी कितीदा वाचली असेल, आज त्यांना ती आवडली. सुटका झाली की माणसाला देव आठवत असेल असं त्यांना नेहमी वाटायचं. त्यांचे यजमान यज्ञेश्वर गेले तेव्हा, दवाखान्यातल्या त्या लांबलेल्या महिन्यांनंतर, त्यांना अशीच एक सुटका वाटली होती आणि ती लपवण्यात त्यांची दोन वर्षं गेली होती. ही तशी नव्हती. हिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ही हिवाळ्यात पाठीवर ऊन घ्यावं तशी होती, नुसती घ्यायची. फक्त तिच्या कडेला एक कुसळ होतं. पडलेलं होतं ते, आणि मला सांगितलं नाहीस.

केयूरचा फोन आला तेव्हा रिक्षा वडगावच्या सिग्नलला होती. तिकडे नुकतं उजाडलं असणार.

"आई, मला इथे मित्रानं बातमी पाठवली. ती फोन उचलत नाहीये."

"उतरली आहे ती. नीट आहे. माझ्याशी बोलली." पलीकडे काही आलं नाही. आनंदीबाईंनी त्याला वेळ दिला. लहानपणी ताप उतरला की तो असाच गप्प पडून राहायचा. "रडून घे," त्या म्हणाल्या. "मी आहे लाईनवर."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आता बास, आई. तू तिला सांग. ते हेलिकॉप्टर आधी पडलेलं आहे, तुला माहितीये? फोटो आहेत. असल्या जुन्या, जोडलेल्या मशिनमध्ये ती रोज बसते. मी तिला किती वेळा म्हटलं, इकडे ये. तुझं ऐकेल ती."

"माझं ती ऐकते हे तुला कुणी सांगितलं?"

"तू कायम माझ्याच बाजूनं बोलतेस ना."

हे खरं होतं. दर रविवारच्या फोनवर तो बोलायचा आणि त्या हं म्हणायच्या. त्या प्रत्येक हंचा तिकडे एक होकार होऊन जमा होत होता, आणि आतल्या खोलीत इस्त्री करणाऱ्या स्पृहाला तो ऐकू जात असणार. आज हं म्हटलं तर गाडी सुरळीत पुढे जाईल, असं त्यांना दिसत होतं. जे कुसळ टोचत होतं तेच तो बोलत होता. तरीही ते त्याच्या तोंडून ऐकताना त्यांना ते आपलं वाटेना.

"केयूर," त्या म्हणाल्या, "मी जन्मभर इकडची लाईन तिकडे जोडून दिली. मधे बोलायची आम्हाला परवानगी नव्हती. तुला जे म्हणायचंय ते तिला म्हण. आज नको, उद्या. आणि सांगताना विचारल्यासारखं सांग."

"म्हणजे तुला चालतं हे."

"चालतं असं नाही. पण चालायला माझं काय लागतं, तिचं काम आहे ते." रिक्षा हलली. "आता ठेवते. तू काहीतरी खा."

गावाच्या वर, जिथे इमारती थांबतात आणि उरलेली शेतं आपली पाळी यायची वाट बघत असल्यासारखी पडून असतात, तिथे रस्त्यावर गर्दी होती. ज्वारी काढून झालेल्या एका मोकळ्या वावरात हेलिकॉप्टर उभं होतं. पडलेलं नाही, कललेलं नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी अलगद आणून ठेवावं तसं, खालच्या धसकटांवर. एका बाजूला वरच्या अंगाला काजळीचा मोठा ओघळ होता, तेवढंच. पोलिसांनी भोवती दोरी बांधली होती. आनंदीबाई गर्दीतून पुढे झाल्या आणि त्यांनी आधी शेपटी पाहिली. व्हीटी. मग एक आडवी रेघ. मग क्यू, आर, झेड. नीट, सरळ, एकही अक्षर न दुखावलेलं.

स्पृहा बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिचा सहवैमानिक आणि दोन प्रवासी गाडीतून तपासणीसाठी गेले होते, तिला जबाब द्यायला थांबवलं होतं. ज्याचा फोन तो संभाजी शेजारी उभा राहून हवालदाराला चौथ्यांदा सांगत होता, की हे इमान कसं धूर सोडत आलं आणि तरी कसं फुलासारखं बसलं. आनंदीबाईंना पाहून स्पृहा उठली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मिठी मारायची त्यांना सवय नव्हती. आनंदीबाईंनी तिच्या खांद्यावरची काजळी झटकली, ती जाण्याऐवजी पसरली.

"येऊ नका म्हटलं होतं ना, आई."

"ऐकलं मी ते." त्या दुसऱ्या खुर्चीवर टेकल्या. "काय झालं?"

"एका इंजिनात आग असल्याचा दिवा लागला. ते बंद केलं. दुसऱ्यावर लोहगावच्या विमानतळावर परत जाता आलं असतं, बहुतेक. पण आग असली तर बहुतेकवर नाही जात. खाली हे वावर दिसलं." तिनं एवढंच सांगितलं. मग दोघी हेलिकॉप्टरकडे पाहत बसल्या.

"ते आधी पडलं होतं. तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून. तो फोटोही पाहिलाय मी."

"मला बाकी सगळं सांगितलंस."

स्पृहानं बुटाला चिकटलेलं धसकट काढलं. "ते सांगितलं असतं तर तुम्ही सकाळी ओट्यापाशी पाठ करून उभ्या राहिला नसतात. वळून बघितलं असतंत. आणि ती नजर मला रोज बरोबर घेऊन जावी लागली असती."

आनंदीबाईंना ह्यावर काहीतरी खोचक बोलता आलं असतं, जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं. आपली पाठ ती इतकी नीट वाचत होती, हे त्यांना नवीन होतं. त्यांच्या मनात मात्र अचानक तो बर्फ आला, त्यातली पावलं, ती काळी झाडं. "तेव्हा त्यात माणसं होती?"

"होती. पायलट, डॉक्टर, नर्स. आणि एक पेशंट, बाळंतपणाची बाई."

"मग?"

"सगळी वाचली. ती बाईसुद्धा. मूलही झालं नीट." स्पृहा म्हणाली. "मग कारखान्यात नेऊन ह्याचा एकूण एक भाग उलगडला, मोडकं ते बदललं, आणि पुन्हा उडवून पाहिलं. माझा विश्वास बसला तो ते सगळे कागद वाचल्यावरच. मी डोळे झाकून नाही बसत त्यात, आई."

कुठल्या त्या नॉर्वेतली कोण ती बाई. आनंदीबाईंनी सावकाश श्वास सोडला, आणि तो इतका वेळ सुटत राहिला, की एवढा श्वास आपण कधी आत घेतला होता, असं त्यांना वाटलं. ते मूल आता शाळेत जात असेल. कुसळ होतं तिथे आता नुसती जागा होती, थोडी हुळहुळी.

"केयूरचा फोन होता," त्या म्हणाल्या.

स्पृहा ताठ झाली. "काय म्हणाला?"

"त्याला काय म्हणायचंय ते तो तुला म्हणेल. मी निरोप आणलेला नाही."

स्पृहानं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती म्हणाली, "उद्या मी उडणार नाही. काही दिवस कंपनीही उडू देणार नाही. पण त्यानंतर मी जाईन, आई."

"त्यानंतर जा," आनंदीबाई म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

संभाजीच्या बायकोनं दोघींपुढे ताटल्या आणून ठेवल्या. गरम भाकरी, पिठलं, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हवालदारालाही तिनं एक दिली आणि तुमचे सायेब येईस्तोवर खा म्हणाली. स्पृहानं भाकरी हातात घेतली आणि तेव्हा तिचे हात थरथरायला लागले. इंजिन बंद करताना, वावर हेरताना, इतक्या वजनाचं धूड धसकटांवर टेकवताना जे हात हलले नव्हते, त्यांना आता भाकरीचा तुकडा मोडेना. ती हातांकडे परक्याकडे बघावं तशी बघत राहिली. आनंदीबाईंनी तिच्या ताटलीतली भाकरी उचलली, मोडली, पिठल्याला लावून पहिला घास तिच्या हातात दिला आणि बाकीचे तुकडे ताटलीत मांडले. मग स्वतःची भाकरी मोडली. ठेचा जहाल होता. दुसऱ्याच घासाला स्पृहाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पाठोपाठ आनंदीबाईंच्या. "तिखट हाय व्हय?" संभाजीच्या बायकोनं विचारलं, आणि दोघींनी एकदमच मान हलवली, आणि पुढचा घास घेतला.